विश्वासात एकमेकांसोबत वाढायचं कसं? खान्देशातल्या मंडळ्यांसाठी पायरीपायरीने

बाप्तिस्मा होऊन वीस-वीस वर्षं झालेली, रविवारची उपासना सहसा न चुकवणारी, कन्व्हेन्शनला (मोठ्या ख्रिस्ती मेळाव्याला) गाडी करून जाणारी माणसं आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. त्यांच्यातले कित्येक जण खासगीत एकच गोष्ट सांगतात: विश्वास आहे, पण आत काही पुढे सरकत नाही. राग तसाच, भावकीतला अबोला तसाच, पैशाची धास्ती तशीच. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात लेखकाने आपल्या वाचकांना हेच सुनावलं आहे. इतक्या काळात तुम्ही दुसऱ्यांना शिकवणारे व्हायला हवे होतात, पण तुम्हाला अजून दूधच लागतं, असं तो म्हणतो.

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचं फळ सांगितलं आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. ही यादी समोर ठेवा आणि विचारा, की यातलं किती एकट्याने बंद खोलीत जमेल? चिडवणारं माणूस समोर नसेल तर सहनशीलता कशी कळणार? आपल्यापेक्षा हळू समजणाऱ्याला चार वेळा सांगावं लागलं नाही तर सौम्यता आहे की नाही हे कसं दिसणार? आध्यात्मिक प्रौढता दुसऱ्या माणसाच्या सहवासात घडते आणि तिथेच तपासली जाते. पौलाने इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रौढ होण्याबद्दल लिहिलं तेही सगळं शरीर मिळून वाढण्याबद्दलच लिहिलं. खाजगी प्रार्थना, एकांतातलं वाचन हे हवंच, येशू स्वतः पहाटे एकांतात जात असे. पण तिथून तो परत शिष्यांकडेच येई, आणि ते शिष्य काही सोपे नव्हते.

म्हणून पुढे जे लिहिलं आहे ते एका छोट्या गटाबद्दल आहे. मंडळीतल्या चार ते सात जणांनी एकत्र बसायचं आणि वर्षभर टिकायचं. जळगाव-भुसावळसारख्या शहरातली मंडळी असो, धुळ्या-अमळनेराकडची असो की नवापूर-अक्कलकुव्याच्या पाड्यातली असो, पद्धत थोडी बदलेल, पाया तोच राहील.

पहिली पायरी: माणसं गोळा करा, पण थोडीच

चार ते सात जण पुरे. आठाच्या वर गेलात की दोघंतिघं गप्प बसतात आणि उरलेले बोलतात. जमल्यास वेगवेगळ्या वयाची माणसं घ्या: एखादी आजी, एखादा कॉलेजातला मुलगा, लेकुरवाळी बाई, निवृत्त शिक्षक. सगळे एकाच वयाचे आणि एकाच नोकरीतले असले की गप्पा छान रंगतात, पण एकमेकांकडून शिकायला फारसं काही मिळत नाही. तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल वृद्ध स्त्रियांनी तरुण स्त्रियांना शिकवावं असं सांगतो, ते अशाच मिश्र बैठकीत घडू शकतं.

विचारताना जाहीर आवाहन करू नका. घरी जा, बसा, सरळ बोला: "ताई, आम्ही चार-पाच जणं आठवड्यातून एकदा वचन वाचायला बसणार आहोत. तुम्ही असाव्यात असं वाटतं. चार महिने करून बघू." मुदत सांगितली की माणूस मोकळ्या मनाने हो म्हणतो. कायमचं बांधून घ्यायला कुणीच तयार नसतं.

त्याआधी पाळकसाहेबांना भेटा. हे अगदी महत्त्वाचं आहे. छोटा गट म्हणजे वेगळी चूल असा संशय एकदा आला की तो सहजी जात नाही. आम्ही काय वाचणार, कुठे बसणार, कोण येणार हे त्यांना आधीच सांगा, महिन्यातून एकदा त्यांना बोलवा. रविवारच्या उपासनेच्या वेळेत गटाची बैठक कधीही ठेवू नका, आणि गटात अर्पण गोळा करू नका. ज्या गटाचे लोक हळूहळू उपासनेला यायचे बंद होतात तो गट वाढत नसतो, तुटत असतो.

बैठक पाळीपाळीने प्रत्येकाच्या घरी व्हावी आणि चहाच्या पुढे काही नको. याबाबत मी आग्रही आहे. एका घरी शेवभाजी-पोळीचा बेत झाला की पुढच्या घरची बाई, जी दिवसभर कापूस वेचून आलेली असते, ती उधारीवर तेल आणते किंवा काहीतरी कारण सांगून आपली पाळी टाळते. गरिबाच्या घरी न बसणारा गट याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय, श्रीमंत-गरीब असा भेद करू नका म्हणणारा, कितीही वेळा वाचो, त्याला तो कळलेला नसतो.

दुसरी पायरी: वेळ हंगामाप्रमाणे ठरवा

आपल्याकडचे बरेच गट विश्वासाच्या अभावाने नाही, तर चुकीच्या वेळापत्रकाने मोडतात. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी जोरात असते, तेव्हा रात्री आठाच्या आधी कुणी हात धुऊन मोकळं होत नाही. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. दुपारी पत्र्याच्या घरात बसवून कुणाला रोमकरांस पत्र समजावू नका. त्या दिवसांत पहाटे किंवा अंधार पडल्यावर अंगणात, गच्चीवर बसा. भुसावळला रेल्वेतल्या माणसांच्या ड्युट्या बदलतात, तिथे वार पक्का न ठेवता दर रविवारी पुढची बैठक ठरवलेली बरी. आठवडे बाजाराचा दिवस टाळा. बैठक सव्वा तासाची ठेवा आणि ठरल्या वेळी संपवा, कारण दुसऱ्या दिवशी डबा करायला पहाटे उठणारी बाई संकोचाने उठून जात नाही, पण पुढच्या वेळी येत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या मंडळ्यांची अडचण याहून मोठी आहे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत किंवा दूर दक्षिणेकडच्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. अशा वेळी ते गेले म्हणून त्यांचं नाव गटातून काढू नका. निघण्याआधी एक बैठक खास त्यांच्यासाठी घ्या, त्यांच्यासाठी हात ठेवून प्रार्थना करा, मोबाइलमध्ये पवित्र शास्त्राचं ध्वनिमुद्रण भरून द्या आणि गटातल्या एकाने आठवड्यातून एक फोन करायचा हे नावानिशी ठरवा. "कुणीतरी करेल" असं ठेवलं की कुणीच करत नाही. तिकडे गेलेली दोन-तीन कुटुंबं एकाच टोळीत असतील तर त्यांनी कोपीपुढेच (राहत्या झोपडीपुढेच) रात्री दहा मिनिटं एकत्र प्रार्थना करावी. तोही पूर्ण गटच आहे.

तिसरी पायरी: वचन सगळ्यांनी मिळून वाचा

मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळा अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तरी चार महिन्यांत होतं. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र, मग याकोबाचं पत्र. प्रकटीकरणापासून सुरू करण्याचा मोह बऱ्याच गटांना होतो. तो आवरा.

पद्धत अशी ठेवा. त्या आठवड्याच्या अध्यायातला एकच लहान उतारा घ्या, पंधरा-वीस वचनांचा. एकाने मोठ्याने वाचायचा, थोडं थांबायचं, दुसऱ्याने पुन्हा वाचायचा. मग पुस्तकं मिटायची आणि एकाने तो प्रसंग आपल्या घरातल्या बोलीत सांगायचा. अहिराणी, भिली, मावची, पावरी, जी बोली असेल ती. बाकीच्यांनी काय राहिलं, काय जास्तीचं आलं ते सांगायचं. त्यानंतर प्रश्न: यात देव कसा दिसतो? माणसं कशी दिसतात? मला काय टोचलं? पुढच्या बैठकीपर्यंत मी नेमकं काय करणार?

बोलीत सांगण्याचा आग्रह का धरतो ते एका प्रसंगाने सांगतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट वाचून झाली होती. ती आपल्याला इतकी पाठ असते की कान बंद होतात. सांगायची पाळी एका आजीची होती. अक्षरओळख नाही, डोक्यावर पदर, हातात काहीतरी निवडायला घेतलेलं सूप. तिने धाकटा मुलगा, डुकरं, बापाची मिठी हे सगळं भराभरा उरकलं आणि म्हणाली, "पोऱ्या घर उना, पन मोठा भाऊ बाहेरच ऱ्हायना." (पोरगा घरी आला, पण मोठा भाऊ बाहेरच राहिला.) मग सूप बाजूला ठेवून तिने विचारलं की तो शेवटी आत गेला की नाही? सगळ्यांनी पुस्तकं उघडून पाहिलं. लिहिलेलंच नाही. बाप बाहेर येऊन विनवतो आणि गोष्ट तिथेच थांबते. त्या खोलीत बसलेले आम्ही बहुतेक सगळे वर्षानुवर्षं मंडळीत असलेले, कधी दूर न गेलेले, थोरल्या भावासारखेच. कुणी बाहेरून नवीन आलं, त्याचं जास्त कौतुक झालं की आमच्या कपाळाला आठ्या. त्या रात्री कुणाला उपदेश करावा लागला नाही.

गट चालवणाऱ्याने जपायची एक गोष्ट म्हणजे आपण कमीत कमी बोलायचं. प्रश्न विचारून शांत राहायचं. शांतता लांबली तरी घाबरून ती भरून काढायची नाही. पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाला शब्द जुळवायला वेळ लागतो. रोज तोंड उघडणारा एखादा असतोच, त्याला बैठकीनंतर प्रेमाने सांगा: "नाना, तुमच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे, पण आज त्या दोन पोरींना बोलू देऊ." आणि एखादं सुटं वचन उचलून त्यावर मोठा मजला चढवणाऱ्याला दर वेळी एवढंच विचारा, की याच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळीत काय आहे?

बैठकांच्या मधल्या दिवसांत सगळ्यांनी घरी तोच उतारा रोज वाचावा किंवा ऐकावा. सहा दिवस एकच उतारा कंटाळवाणा वाटतो खरा, पण चौथ्या-पाचव्या दिवशी तो स्वयंपाक करताना, गाडी चालवताना आपोआप आठवू लागतो. वचन अंगी लागतं ते तेव्हा.

चौथी पायरी: खरं बोलायला सुरुवात करा

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करून एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. हे आपण फार थोड्या ठिकाणी करतो. गाव लहान, सोयरीक जवळची, आज बोललेलं उद्या चार घरांत. म्हणून घाई नको. पहिले दोन-तीन महिने फक्त वचन आणि प्रार्थना. एकमेकांवर भरवसा बसल्यावर गटातल्या गटात जोड्या करा, पुरुषाची पुरुषाबरोबर, बाईची बाईबरोबर, आणि शक्यतो नातलग नसलेल्या. प्रत्येक जोडीने पंधरा दिवसांतून एकदा वेगळं भेटावं. शेताच्या कडेने चालत बोललं तरी चालेल. शेजारी शेजारी चालताना नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे जड गोष्ट सोपी होते.

काय विचारायचं? मोठे प्रश्न नकोत. या पंधरा दिवसांत घरात कुणाशी वाईट बोललास? पैशाच्या व्यवहारात काही लपवलंस? मोबाइलवर असं काही पाहिलंस का, की जे मुलांसमोर पाहिलं नसतंस? दारू? कुणाला क्षमा करायची राहिली आहे? ऐकणाऱ्याने लगेच उपाय सांगू नये. आधी ऐकावं, मग ख्रिस्तात क्षमा आहे हे वचनातून स्पष्ट म्हणून दाखवावं, मग प्रार्थना करावी, आणि पुढच्या भेटीत त्या गोष्टीची आठवणीने चौकशी करावी. माणूस बदलायला लागतो तो बहुतेक वेळा त्या चौकशीमुळे.

बोललेलं बाहेर जाणार नाही हा नियम सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा. प्रार्थनेची विनंती म्हणून दुसऱ्याची गोष्ट व्हॉट्सअॅपवर टाकणं हाही त्या नियमाचा भंगच. पण या गुप्ततेला एक सीमा आहे आणि तीही पहिल्याच दिवशी सांगा. घरात मारहाण होत असेल, एखाद्या मुलाला त्रास दिला जात असेल, कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर ते गुपित ठेवायचं नाही. तातडीच्या मदतीसाठी 112, मुलांसाठी 1098, मानसिक त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा 14416. हे क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, प्रभू बघतोय" सांगून परत पाठवणं ही आध्यात्मिकता नाही.

आजाराच्या बाबतीतही इथेच स्पष्ट बोलतो. प्रार्थना करा, तेल लावून करा, उपास करून करा, आणि औषध चालू ठेवा. क्षयरोगाची किंवा मधुमेहाची गोळी "विश्वासाने" बंद करायला सांगणारा कुणीही असो, त्याचं ऐकू नका. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, त्रफिमाला पौलाने मिलेत इथे आजारी असतानाच मागे ठेवलं, तीमथ्याला त्याने पोटासाठी उपाय सांगितला. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय कित्येक दशकं आदिवासी भागातल्या रुग्णांची सेवा करत आलं आहे. डॉक्टरकी आणि प्रार्थना एका छताखाली राहू शकतात हे पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

पाचवी पायरी: प्रार्थनेची वही आणि गाणी

एक साधी शंभरपानी वही घ्या. डाव्या पानावर तारीख आणि विनंती, उजवं पान मोकळं. उत्तर आलं की उजवीकडे लिहा. नकार आला, वेगळंच काही घडलं, तेही लिहा. वर्षाने ती वही चाळली की देवाची करणी दिसतेच, शिवाय आपण काय काय मागत होतो हेही दिसतं. सुरुवातीला बहुतेक विनंत्या नोकरी, लग्न, दुखणं यांच्या असतात. हळूहळू "मला सासूला क्षमा करता यावी", "शेजारच्या घरचं भांडण मिटावं" अशा येऊ लागल्या तर समजा गट वाढतो आहे.

प्रार्थना छापील भाषेत झाली पाहिजे असं नाही. आपल्याकडे व्यासपीठावरची मराठी ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याला नीट प्रार्थना येत नाही. त्यांना त्यांच्या बोलीत दोन वाक्यं बोलू द्या. गाण्यांचंही तसंच. नारायण वामन टिळकांनी (1861–1919) ख्रिस्तभक्ती अभंग-ओव्यांच्या चालीवर आणली, ती भजनं आजही टाळ-पेटीवर म्हणता येतात. पाड्यांवर तर लोक आपल्याच बोलीत नवी गाणी बांधतात. ध्वनिक्षेपकाची गरज नाही, घरात म्हणा, शेजाऱ्यांची झोप सांभाळून म्हणा.

सहावी पायरी: ओझी उचला

एकमेकांची ओझी वाहा हे वचन भिंतीवर असतं. ते करायचं म्हणजे काय, याची गटात दर महिन्याला चर्चा हवी. कुणाची आई जळगावला सिव्हिलमध्ये आहे, रात्री कोण थांबणार? मयत झाली, तीन दिवस स्वयंपाक कुठून जाणार? जातीच्या दाखल्याचा, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरता येत नाही, तरुणांपैकी कोण भरून देणार? यातली निम्मी कामं पैशाची नसतात, वेळेची असतात.

पैशाबद्दल दोन नियम. गटातल्या सभासदांनी एकमेकांना उसने देऊ-घेऊ नयेत; द्यायचं असेल तर परत न मागण्याच्या तयारीने द्यावं. आणि मदतीसाठी डबा ठेवायचा असेल तर हिशेब दोघांनी लिहावा आणि सगळ्यांना दाखवावा. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीतही विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरबूर झाली होती. प्रेषितांनी तिला क्षुल्लक म्हणून झटकलं नाही, त्यासाठी सात माणसं निवडून नेमली. हा भाग प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे, डबा सुरू करण्याआधी एकत्र वाचा.

आणि मदत मंडळीच्या कुंपणाशी थांबू नये. गल्लीत कुठल्याही धर्माच्या घरी अडचण आली तर आपलं माणूस तिथे हजर हवं, बदल्यात काहीही न मागता.

सातवी पायरी: भांडण आलं की पळू नका

ते येणारच. माझ्या मते हीच या सगळ्या मार्गावरची सर्वांत कठीण आणि सर्वांत फळ देणारी जागा आहे, कारण बहुतेक गट इथेच फुटतात.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम दिला आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने एकांतात जाऊन त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरीही नाही, तर मंडळीला सांग. आपण हा क्रम नेमका उलटा चालवतो. आधी अख्ख्या मंडळीला कळतं, मग दोघातिघांची बैठक होते, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस सर्वांत शेवटी.

बांधाचं उदाहरण घ्या, कारण ते सगळीकडे असतं. दोन चुलतभाऊ, दोघंही एकाच मंडळीत. एकाने नांगरताना बांध हातभर सरकवला असं दुसऱ्याला वाटतं. दोघंही प्रभुभोजन घेतात आणि दारात एकमेकांना चुकवून निघतात. गटाने काय करावं? तक्रार घेऊन आलेल्याला पहिला प्रश्न: "भाऊ, तुम्ही त्याच्याशी एकट्याने बोललात का?" नसेल तर पुढचं ऐकूनच घेऊ नये. त्याच्याबरोबर प्रार्थना करावी आणि त्याला पाठवावं. जाताना काय बोलायचं याची तयारी करून द्यावी: आरोप नको, "तू खाल्लंस" नको. "दादा, मला असं दिसतं की बांध सरकला आहे. माझं चुकत असेल. आपण दोघं मिळून मोजू का? मला जमिनीपेक्षा तुझा अबोला जड जातो आहे." एवढं वाक्य बोलायला कधी कधी महिना लागतो. तोपर्यंत गटाने त्याच्यासाठी प्रार्थना करत राहावं, आणि दुसऱ्या भावाबद्दल एकही शब्द मागे बोलू नये. मोजणीसाठी सरकारी मोजणीचा रीतसर मार्ग आहे, तो दोघांच्या संमतीने घेण्यात विश्वासाला काही कमीपणा नाही.

क्षमा मागणं आणि लगेच पूर्वीसारखं होणं यात फरक असतो. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं, मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून, इतकं बिनसलं की ते वेगळे झाले. वर्षांनंतर मात्र पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांत मतभेद होते. पौलाने दोघींना नावाने विनंती केली आणि तिसऱ्या माणसाला त्यांना मदत करायला सांगितलं. प्रौढ मंडळीत तो तिसरा माणूस असतो, जो कुणाची बाजू न घेता दोन्ही दारांत चहा पिऊ शकतो.

एक दुखरी गोष्ट इथे टाळता येणार नाही. आपल्या मंडळ्यांत वेगवेगळ्या जातींतून, जमातींतून आलेली कुटुंबं आहेत. उपासनेत एका चटईवर बसतो, पण लग्नात पंगत कुठे वेगळी पडते, सोयरीक ठरवताना काय विचारलं जातं, एखाद्याच्या बोलीला कोण हसतं, हे आपल्याला माहीत आहे. अंत्युखियात पेत्र विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे, आणि याकोबाकडून काही माणसं आल्यावर तो मागे सरला. पौलाने त्याला सर्वांसमोर अडवलं आणि हे शुभवर्तमानाच्या सत्याला धरून नाही असं सांगितलं. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय. पेत्रासारखा प्रेषित तिथे चुकला तर आपण तपासून घेतलंच पाहिजे. गटात हा उतारा वाचा, आणि ज्यांना वेगळं बसवलं गेलं त्यांना आधी बोलू द्या. बाकीच्यांनी त्या दिवशी फक्त ऐकावं.

आठवी पायरी: पुढचं माणूस तयार करा

रावेर-यावलकडचा केळीवाला घड पडण्याआधीच बुंध्याशी कोणतं पील (कोंब) राखायचं ते हेरून ठेवतो, कारण पुढचा पिलबाग त्यावरच उभा राहतो. गट चालवणाऱ्याने चौथ्या-पाचव्या महिन्यातच असं एक माणूस हेरावं. पौलाने तीमथ्याला लिहिलं तेच: तू ऐकलेलं अशा विश्वासू माणसांना सोपव जे दुसऱ्यांनाही शिकवतील. हुशार किंवा बोलकं माणूस शोधू नका. वेळेवर येणारं, ठरवलेलं करणारं, चूक दाखवली तर न रुसणारं शोधा.

आधी त्याला फक्त प्रार्थना घ्यायला सांगा, मग वाचनाचे प्रश्न, मग एक अख्खी बैठक, तुम्ही शेजारी बसलेले असताना. नंतर दोघंच बसून बोला. अपुल्लो वक्ता होता, पण त्याला अर्धंच माहीत होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला बाजूला घेऊन अधिक नीट समजावलं, चारचौघांत टोकलं नाही.

मुलींचा विचार वेगळा करावा लागतो. गटात वाढलेली, छान वचन सांगणारी मुलगी लग्न होऊन सुरतेला किंवा नाशिकला जाते आणि तिथे तिला कुणी ओळखत नाही. ती जाण्याआधी तिकडच्या मंडळीच्या पाळकांशी बोला, तिच्यातल्या देणग्या त्यांना सांगा, आणि वर्षभर फोन चालू ठेवा. कामासाठी बाहेर पडणाऱ्या मुलांसाठीही तेच.

वर्षाअखेरीस

काही महिने कोरडे जातील. वाचलेलं लागत नाही, दोघंतिघं गैरहजर, प्रार्थना पुटपुटल्यासारखी. तेव्हा नवीन कार्यक्रम, पाहुणा वक्ता असलं काही शोधू नका. उतारा आणखी छोटा करा, एखादं स्तोत्र फक्त वाचा, आणि बसत राहा. वर्षभरानंतरही गटात कुणी खरं बोलत नसेल, सगळं गोडगोड चाललं असेल, तर तो गट थांबवून नव्या जोडणीने सुरू केलेला चांगला.

वर्षाचा आढावा घेताना किती बैठका झाल्या, किती अध्याय वाचले हे मोजू नका. प्रत्येकाने घरी जाऊन आपल्याबरोबर राहणाऱ्या एका माणसाला विचारावं: "या वर्षात माझ्यात काय बदललं? आणि काय अजिबात बदललं नाही?" नवऱ्याने बायकोला, सुनेने सासूला, बापाने मोठ्या मुलाला. उत्तर ऐकताना मध्ये बोलायचं नाही, खुलासा करायचा नाही. दुसऱ्या प्रश्नाचं जे उत्तर मिळेल ते पुढच्या बैठकीत आपल्या जोडीदाराला सांगायचं, आणि नव्या वर्षाच्या वहीत डाव्या पानावर, पहिल्या ओळीत तेच लिहायचं.